काटा

त्या रविवारी मिस्सा झाल्यावर जमना नेहमीसारखी चर्चमागच्या हॉलमधल्या वजनकाट्यावर चढली. महिन्याभरात ती सात किलो उतरली होती. उपवास आणि जपमाळेने वजन उतरवणारा बायकांचा गट लतिका टीचर चालवायच्या. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि गटाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "आलेलुया."

जमनाची लेक निलम तेवढी गप्प राहिली. "टीचर, आई दिवसभर नुसतं पाणी पाणी करते. डहाणूला नेऊन रक्त तपासून आणते."

"देवाचं काम चाललंय पोरी, तिथे सुई कशाला टोचायची?" टीचर हसल्या. जमनाही हसली, आणि डहाणूला जायचं राहून गेलं.

बुधवारी जमना वारली. साखर सहाशेच्या वर होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

वर्षभराने आईच्या नावाची मिस्सा झाल्यावर निलम पुन्हा त्या हॉलमध्ये आली. आज काट्यावर खुद्द टीचर होत्या. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता, हातात रिकामी बाटली होती.

"भातही सोडला नाही, तरी सहा किलो उतरले," त्या कौतुकाने म्हणाल्या. "निलम, एवढी बाटली भरून दे गं. सारखा घसा सुकतो."

निलमने बाटली काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिली. मग त्या हॉलमध्ये जे तिने कधीच म्हटलं नव्हतं, ते सगळ्यांच्या आधी, मोठ्याने म्हटलं.



"आलेलुया."