पुलाअलीकडचा थांबा

खालच्या वस्तीचा थांबा दिसू लागला तसा ड्रायव्हरचा पाय सवयीने ब्रेककडे गेला. त्याने तो मागे घेतला. पाठीमागच्याच सीटवर इन्स्पेक्टर बसला होता.

सकाळी डेपोत मॅनेजरने सगळ्यांना बजावलं होतं, “आज वस्तीजवळ गाडी थांबवायची नाही. वरून सांगणं आलंय.” कारण कुणी विचारलं नाही. आज मतदान होतं. वस्तीतलं केंद्र बंद करून ते पुलापलीकडे, गोऱ्यांच्या शाळेत नेलं होतं. वस्तीतल्या काळ्या माणसांना तिथवर न्यायला ही एकच बस होती.

डेपोत काळी माणसं गाड्या धुवायची. स्टिअरिंग गोऱ्यांच्या हातात. हा ड्रायव्हर उन्हाने रापला होता. सोबती थट्टा करायचे, “वस्तीच्या फेऱ्या मारून मारून तूही त्यांच्यातलाच दिसायला लागलास की रे.” तोही हसायचा. मागे गोरा म्हणून नोकरीला लागलेला एक कंडक्टर वस्तीतला निघाला, तेव्हा त्याला गॅरेजमागे नेऊन मरेस्तोवर मारलं होतं. तेव्हा बघ्यांमध्ये हाही उभा होता.

थांब्यावर माणसं धुतलेले कपडे घालून उभी होती. सगळ्यांच्या पुढे दवाखान्यात फरशा पुसणारी म्हातारी, काठीवर भार देऊन. ती रोज याच बसने जायची. ड्रायव्हरकडे न बघता मागे जाऊन बसायची. आज तिने बस थांबवायला हातसुद्धा केला नाही.

बस तिला ओलांडून जाणार, एवढ्यात ब्रेक करकचले.

दार उघडलं. कुणीच चढेना. इन्स्पेक्टरचा गणवेश सगळ्यांना दिसला होता. म्हातारीने पायरीवर टेकलेली काठी मागे घेतली.

“तुम्ही व्हा पुढे, साहेब,” ती खाली बघत म्हणाली. “आम्ही जाऊ रमतगमत. उगाच तुमच्यावर बालंट नको.”

“ऐकलंस?” इन्स्पेक्टर उठून ड्रायव्हरच्या खांद्याशी आला. “तिलाही कळतं. दार लाव.”

दाराचा खटका ड्रायव्हरच्या हाताच्या अंतरावर होता. त्याने इंजिन बंद केलं. तो उठला. दांडा धरून तो पायरीपर्यंत गेला आणि म्हातारीपुढे हात केला.

ती मागे सरली. भीतीने तिचे ओठ पांढरे पडले होते. ती नुसती मान हलवत राहिली, नको, नको.

त्याने वाकून तिचं मनगट धरलं.

“एवढा पुळका?” मागून इन्स्पेक्टरचा आवाज चढला. “कोण लागते रे ती तुझी?”

“आई,” ड्रायव्हर म्हणाला. “माझी सख्खी आई आहे.”