संस्थापकांचं मत

कोचला बाहेर बसायला सांगितलं होतं. पण सभागृहाचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे तो बाहेर बसूनही सभेला हजर होता.

"सलग सहावा पराभव," आतून अध्यक्षांचा आवाज आला. "माझं म्हणणं, याला नारळ द्यावा."

कोचने डोळे मिटले. नारळ त्याला नवा नव्हता. आजवरच्या प्रत्येक गावात त्याच्या घरच्या खिडक्यांना चादरीच लागल्या होत्या, कारण पडदे शिवून होईपर्यंत त्याची नोकरी कधी टिकलीच नव्हती. या खेपेला बायकोने हट्टाने पडदे शिवायला टाकले होते. शिंपी सकाळीच माप घेऊन गेला होता.

अध्यक्ष म्हणजे क्लबच्या संस्थापकांचे नातू. आधीच्या कोचला त्यांनी स्वागत समारंभातच काढलं होतं, भाषण लांबलं म्हणून. त्याच्या आधीच्याला भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं. बस तोच चालवतोय हे लक्षात आल्यावर पुन्हा चढवलं होतं.

आत हात वर झाले.

"काढायचं म्हणणारे तीन, ठेवायचं म्हणणारे तीन," क्लबचे वकील म्हणाले.

"काढायचं म्हणणारे चार," अध्यक्ष म्हणाले. "आजोबांचं धरा."

हा क्लबचा जुना रिवाज. टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष बसत आणि दुसऱ्या टोकाला संस्थापकांची खुर्ची कायम रिकामी असे. चहा आला की पहिला कप त्या खुर्चीपुढे जाई. सभा संपली की तो वकील पीत. क्लबकडून त्यांना मिळणारी फी ती एवढीच. आणि बरोबरी झाली की संस्थापकांचं मत धरलं जाई. ते दरवेळी अध्यक्षांच्याच बाजूने पडे. संस्थापकांबद्दल क्लबच्या इतिहासात एकही वाईट शब्द नव्हता. इतिहास त्यांनीच लिहिला होता.

"थांब जरा," आत्या म्हणाली. ती संस्थापकांची मुलगी, अध्यक्षांची सख्खी आत्या, आणि वयामुळे सगळ्या क्लबचीच आत्या. "बाबांचं मत तुला कसं कळलं?"

"अगं, ते इथेच असतात. त्या खुर्चीत. मला जाणवतं."

"आत्ता आहेत?"

"आहेत म्हणजे काय, शपथेवर सांगतो."

"वकीलसाहेब, लिहून घ्या. बाबा हजर आहेत." आत्याने चष्मा पुसला. "मग तू अध्यक्षाच्या जागेवर काय करतोयस?"

बाहेर कोचने मान वर केली. दारावरच पितळी अक्षरांत क्लबचा पहिला नियम होता: संस्थापक ज्या सभेला हजर असतील, त्या सभेचे अध्यक्ष तेच. केलाही होता संस्थापकांनीच.

"असं कसं," अध्यक्ष म्हणाले. "वकीलसाहेब, असं असतं का?"

"दोनच वाटा आहेत," वकील म्हणाले. "ते हजर नसतील, तर त्यांचं मत नाही. हजर असतील, तर तुमची खुर्ची नाही."

आजोबा जरा हात धुवायला गेलेत असं सांगावं का, हा विचार अध्यक्षांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. पण शपथ घेऊन झाली होती. ते उठले. दोन संचालकांनी रिकामी खुर्ची उचलून अध्यक्षांच्या जागी नेली. बसलेला माणूस पडू नये अशा बेताने, अगदी आडवी न करता नेली. वकिलांनी मागोमाग चहा नेला.

"बाबा," आत्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "या कोचला काढायचं का?"

सगळे थांबले. माजी अध्यक्षही थांबले. खुर्ची काही बोलली नाही.

"बोलत नाहीयेत," माजी अध्यक्ष म्हणाले. "मौन म्हणजे होकार."

"तुला काय माहीत. आई सुट्टीत कुठे जायचं विचारायची ना, तेव्हा अस्सेच बसायचे. जन्मात कुठे गेलो नाही आम्ही. वकीलसाहेब, नाही म्हणाले."

"नाही म्हणाले," वकिलांनी लिहिलं.

"पण पुढच्या सभेला तरी मी—"

"ते नसले तर तूच. पण इथेच असतात म्हणालास ना?"

मग माजी अध्यक्षांनी, सवयीने, वकिलांना काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. आत्याने तो खुर्चीपुढे ठेवला. खुर्चीने तोही फेटाळला. वकिलांनी तिला वाकून नमस्कार केला.

सभा संपली. आत्या बाहेर आली तेव्हा कोच उभाच होता.

"आत्या, तुमचे उपकार कसे फेडू. आणि संस्थापकांचेही. सहा मॅच हरलेल्या माणसाला ठेवून घ्यायचं म्हणजे... केवढं मोठं मन असेल त्यांचं."

"बाबांचं?" आत्या पर्स काखेत मारत म्हणाली. "अरे, ते असते तर पहिल्याच मॅचच्या मध्यंतरात तुला गेटबाहेर उभा केला असता. गेल्यापासून फार समजूतदार झालेत."