शामकलाची पहिली फेरी

कुडव्याच्या मैदानावर संध्याकाळी सव्वासात वाजता गरब्याच्या रिंगणात पंचेचाळीस बायका होत्या. मधोमध टेबलावर देवीची मूर्ती, तिच्यापुढे एक घट. बांबूंवर आठ हॅलोजन, दोन स्पीकर. गेटाजवळ प्लास्टिकच्या सहा खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवरच कोणी बसलं होतं : रिंगणातल्या गुंजनची सासू, अनुसयाबाई. सेहेचाळिसावी बाई रिंगणाभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभी होती.

"मम्मी, चल ना," टीनाने आईचा दंड धरला. "एकोणीस दिवस दुकानाचं शटर लावून नाचून राहिली होती. आता काऊन भेते?"

शामकलाने तळहात पदराला पुसले. रिंगणातल्या निम्म्याहून जास्त घागरा-चोळ्या तिनेच शिवलेल्या. कोणाची कंबर चौतीस, कोणाचा दंड अकरा, सगळं पाठ. मागच्या तीन संध्याकाळी ती या दोरीपर्यंत आली होती आणि तीनदा परत गेली होती.

"एक फेरी," ती म्हणाली. "पूर्ण झाली तं ठीक. नाही झाली तं मले पुन्हा म्हणू नको."

दोरी उचलून ती आत शिरली. दोघींनी सरकून जागा दिली. सगळ्या देवीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. स्पीकरवाल्या दुर्गाप्रसादने गाणं लावलं. शामकला ओठांतल्या ओठांत मोजू लागली. एक, दोन, तीन, टाळी. एक, दोन, तीन, टाळी. हात बरोबर पडत होते. मग ढोलावर थाप पडली आणि रिंगण हललं.

पंचेचाळीस बायका उजवीकडे निघाल्या. शामकला डावीकडे.

शेजारून येणाऱ्या गुंजनचं कपाळ तिच्या हनुवटीवर आपटलं. मागच्या तिघी गुंजनच्या पाठीवर आल्या. बिंदी तुटून मातीत पडली.

"काकू, वन-वे आहे!" पलीकडून कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

शामकलाने वळायचं ठरवलं. पाय वळले नाहीत. ते पुन्हा डावीकडेच गेले आणि तिने आणखी एकीच्या बोटांवर पाय दिला. दुर्गाप्रसादने गाणं बंद केलं.

टीनाचा हात तोंडावर गेला. आईला शिकता यावं म्हणून तिने स्वतःचा व्हिडिओ काढून दिला होता, मोबाइलकडे तोंड करून. आई आरशात पाहावं तशी तो पाहत होती. टीनाचं उजवं पाऊल, आईचं डावं. एकोणीस दिवस.

"देवीले उलटी फेरी, शामकलाबाई?" गुंजन कपाळ चोळत म्हणाली. सात वर्षांपूर्वी इथला गरबा तिनेच सुरू केला होता. "अन् तेही नवरात्रात? काही समजते का तुमाले?"

हशा थांबला. दोघींनी कानाला हात लावले.

शामकलाचा चेहरा पांढरा पडला. पाऊल चुकेल, पदर सुटेल, लोक हसतील, एवढं तिने धरलं होतं. देवीचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "मी व्हिडिओत पाहून..." तिने दोरीकडे पाहिलं. वीस पावलं असतील.

"गुंजन," खुर्चीवरून आवाज आला. अनुसयाबाई उठल्या नव्हत्या. "मंदिरात फेरी घालते तवा देवी कोणत्या हाताले राहते?"

"उजव्या, आई."

"अन् आता निघाली होती तवा?"

गुंजनने दोन पावलं चालून पाहिलं. आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हाताच्या पलीकडे देवी होती. तिच्या मागचीने आपला हात पाहिला, तिच्या मागचीने आपला. सगळ्या रिंगणात बायका आपापल्या डाव्या हाताकडे पाहत उभ्या होत्या. स्पीकरची नुसती घरघर ऐकू येत होती.

शामकलाने सगळ्यांत शेवटी पाहिलं. तिची देवी उजव्या हाताला होती. तिने हात पटकन पदरात घेतला.

"म्हणजे सात वर्षं आपण..." कोणीतरी म्हणालं आणि तिथेच थांबलं.

"गरबा असाच राहते, आजी," टीना दोरीबाहेरून म्हणाली. "गोंदियातबी असाच. सगळीकडे असाच."

"असन," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी तं हाताचं विचारलं."

गुंजनने खाली वाकून बिंदी उचलली आणि हातातच धरून ठेवली.

"अरे बोला ना," दुर्गाप्रसाद माइकवर म्हणाला. "लावू का बंद करू?"

सगळ्यांनी गुंजनकडे पाहिलं. गुंजनने शामकलाकडे पाहिलं. दोरीकडची वाट मोकळी होती, मधल्या बायका आपोआप बाजूला झाल्या होत्या.

"लाव," शामकला म्हणाली.

"कोणत्या बाजूनं, काकू?" रिंगणातल्या एकीने विचारलं.

"मले एकच बाजू येते."

ती देवीच्या जवळ सरकली, कोणाला धक्का लागणार नाही इतकी आत. गाणं सुरू झालं. आता ती मोठ्याने मोजत होती.

पहिली फेरी तिने एकटीने पूर्ण केली. दुसऱ्या फेरीत तिच्यामागे दोघी होत्या. तिसरी संपली तेव्हा चौदा.