नमुन्याची कुकरी

“ही नको!” म्हणत लोहाराने पेटीतली तिसरी कुकरीही भिरकावली. ती ऐरणीच्या पायाशी खणकन आदळली. मुलगी जागची हलली नाही. दोन वर्षांनी ती घरी आली होती, आणि चहापाणी सोडाच, ‘बस’ एवढं म्हणायचीही बापाला गरज वाटली नव्हती.

न विचारता फौजेत भरती झाली म्हणून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आज ती साध्या कपड्यांत कारखान्यात शिरली, “कुकरी निवडायला आलेय,” एवढंच म्हणाली आणि म्हातारा भडकला.

“जंगलात मरायला निघालीस, आणि हत्यार मात्र बापाच्या घरचं हवं?”

“बाबा, जरा ऐकून तर घ्या...”

“तू ऐकलं होतंस माझं?”

खरं तर ती स्वतःसाठी आलीच नव्हती. पलटणीला जुन्या कुकऱ्यांनी जेरीस आणलं होतं. महिन्याभरापूर्वी बांबू तोडताना एकाच्या कुकरीचं पातं मुठीतून निसटलं आणि शेजारी उभ्या असलेल्या स्वयंपाक्याच्या मांडीत घुसलं. तो अजून काठी टेकत चालतो. तेव्हा हिनेच मोठ्या तोऱ्यात साहेबांना सांगितलं होतं, “आमचे बाबा नेपाळी उस्तादाच्या हाताखाली शिकलेत. त्यांच्या कुकरीची मूठ हलली तर माझं नाव बदला.” साहेबांनी शब्द मानला. काम बापाला मिळालं आणि तपासणीचं काम हिच्याकडे आलं. भिंतीला लागून पेट्यांमध्ये एकशे ऐंशी कुकऱ्या तयार होत्या. त्यांतली एक नमुना म्हणून निवडायची आणि तिला सील ठोकायचं. मग जी कुकरी त्या नमुन्याच्या तोडीची नसेल, ती परत. बापाला मात्र एवढंच ठाऊक होतं, की आज-उद्या कुणीतरी तपासणारा येणार आहे.

हे सगळं सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण म्हातारा रागाच्या भरात जे बोलत सुटला, ते ऐकून तिने तोंड मिटलं.

“हिच्या पात्याची शेपटी मुठीत अर्धीच गेलीय. नुसती राळेनं चिकटवलीय. चार दिवस पावसात भिजली की सुटलीच म्हणून समज. ती दुसरी नुसती चकाकते, उन्हात लांबूनही दिसशील. आणि ही तर तापवून अख्खीच्या अख्खी तेलात बुडवलीय. ठिसूळ झालीय. दगडावर बसली की टवका उडणार!”

“आणि धारेवर किटलीनं पाणी सोडायचं, ते?” तिने विचारलं. लाल तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर पाणी सोडायचं, म्हणजे धार कडक होते आणि पाठ घाव सोसण्याइतकी मऊ राहते. उस्तादाची सगळी विद्या त्या किटलीत होती.

“एकशे ऐंशींना किटली?” तो खेकसला. “तारीख गाठायची का किटली धरून बसायचं? आणि तपासणारा बघतो काय? चमक बघतो, कागद कापून बघतो आणि सही ठोकतो. त्यांना काय कळतंय त्यातलं!”

तिचं डोकं सणकलं. ज्या हातांचा डंका ती पलटणभर पिटत फिरली, ते हात राळ लावून मोकळे झाले होते. आपल्याच शब्दाची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“मग मी कुठली नेऊ?” ती दात आवळून म्हणाली.

भट्टीमागच्या फळीवरून म्हाताऱ्याने कापडात गुंडाळलेली एक कुकरी काढली. पातं काळपट, मूठ शिसवीची. शेपटी मुठीतून आरपार काढून टोकाला पितळी टोपीवर ठोकून पक्की केलेली.

“तू गेलीस त्या आठवड्यात केली,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “तुला शिव्या घालत केली. दोनदा पाणी चुकलं. त्या दोन्ही मोडून टाकल्या, ही तिसरी.”

तिने ती घेऊन दाराबाहेरच्या ओंडक्याच्या गाठीवर घाव घातले. गाठ फुटली, धार होती तशीच राहिली. मग पेटीतली एक उचलून तिने ओंडक्याच्या दुसऱ्या गाठीवर घातली. तिसऱ्या घावाला नुसती मूठ तिच्या हातात उरली.

“बघितलंस?” म्हातारा म्हणाला. जिंकल्यासारखा त्याचा आवाज चढला होता. “म्हणून सांगतो, घरच्या माणसानं हीच न्यायची.”

तिने खिशातून तार, शिशाचं सील आणि पकड काढली. काळपट कुकरीच्या मुठीला तार गुंडाळून तिने सील आवळलं. सीलावर पलटणीचा शिक्का होता. म्हातारा तो बघतच राहिला.

“तपासणारा यायचा होता ना? ती मीच.”

“अगं, पण ही... ही तुझ्यासाठी केली होती!”

“ही आता नमुना म्हणून पलटणीच्या कपाटात कुलूपबंद राहणार. या पेट्या परत. हिच्यासारख्या एकशे ऐंशी नव्या करा, बाबा. त्यांतलीच एक माझ्या वाट्याला येईल. कुठली, ते तुम्हाला कळणार नाही.”