मेपलखालची खुर्ची

खुर्ची पुन्हा सरकली होती.

आर्डिथ पिंकहॅम मेपलच्या झाडाखाली वाकली आणि गवतात रोवलेला कपड्यांचा चिमटा तिने शोधून काढला. सकाळी खुर्चीचा पाय या चिमट्याला टेकवून ठेवला होता. आता खुर्ची चांगली बँडच्या चौथऱ्याच्या दिशेने गेलेली, भर उन्हात. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या, दांडीला लाल लोकरीचा धागा. चुकून कुणी आपली समजून उचलली, असं म्हणायलाही जागा नव्हती.

एल्मस्टेडमध्ये जून उजाडला, विद्यार्थी आपापल्या घरी गेले, की गाव पुन्हा गावाचं होतं. दर बुधवारी संध्याकाळी कॉलेजसमोरच्या हिरवळीवर गावचा बँड वाजतो. लोक सकाळीच खुर्च्या मांडून कामाला निघून जातात, आणि त्या खुर्च्यांना कुणी बोटही लावत नाही. पाकीट विसरलं तर एखादे वेळी जाईल, खुर्ची जायची नाही. मेपलखालची जागा आर्डिथची होती. अर्ध्या बँडला संगीत तिनेच शिकवलेलं, आणि उरलेल्या गावाला टाळी कुठे वाजवायची ते. नवरा रसेल होता तोवर दोघं इथेच बसायची. ही जागा गेली की आपण या गावात पाहुण्या झालो, असं तिला वाटे, आणि त्या विचाराने तिची झोप उडाली होती.

कुठेतरी पाणी मुरत होतं खास. यंदा सगळंच बिनसलेलं. स्ट्रॉबेरीच्या गावजेवणात ती जवळ गेली की बायका कुजबुजायला लागल्या. बँडसुद्धा मुळमुळीत वाजवत होता. कॉलेजने आवाजाची तक्रार केली असणार. पिकोलो, ती वीतभर बासरी, वाजवणारी पोरगी तर नुसतेच गाल फुगवत होती. आणि ज्या मेपलवर दर उन्हाळ्यात किलबिलाटाने बोलणं अशक्य व्हायचं, त्यावर यंदा एक पाखरू गात नव्हतं.

पाखरांचा गुन्हेगार तिला ठाऊक होता. प्रोफेसर ग्रेटा लिंडहोम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि हिरवळीवर देखरेख करायच्या. आर्डिथने त्यांना त्या गावजेवणात सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "तुमच्या त्या फवारणीने माझी पाखरं मेली!" लिंडहोमनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, काहीतरी पुटपुटल्या आणि तिचा हात हातात घेतला. हात! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? त्याच आठवड्यापासून खुर्ची चालायला लागली.

आर्डिथने खुर्ची ओढत परत मेपलखाली नेली. मग समोरच्या वाचनालयात शिरली. तिथे जुन्या पुस्तकांची विक्री चालली होती. पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक उघडून ती खिडकीपाशी बसली, डोळ्यांत तेल घालून.

थोड्या वेळाने लिंडहोम आल्याच. खुर्चीपाशी थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं. वाकल्या.

"सापडली!" आर्डिथ म्हणाली. सगळ्या टेबलांवरच्या माना तिच्याकडे वळल्या.

पण लिंडहोमनी सुटत आलेला लाल धागा तेवढा नीट बांधला आणि त्या चालू लागल्या.

त्यांच्यामागून लॉइड थिबोडो आला. बँड चालवणारा, आर्डिथचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. त्याने हातातले नोटेशनचे स्टँड खाली ठेवले, आर्डिथची खुर्ची अलगद उचलली आणि थेट चौथऱ्याच्या पायथ्याशी नेऊन मांडली.

परक्याने केलं असतं तर तिने चार शिव्या हासडल्या असत्या. पण लॉइड! तिच्या पियानोपाशी लहानाचा मोठा झालेला लॉइड!

ती तरातरा निघाली. रस्त्यात एक गाडी तिच्या अंगाशी येऊन थांबली. आत ड्रायव्हर लालबुंद होऊन हातवारे करत होता.

"हॉर्न वाजवायला काय होतं रे, मेल्या?" ती त्याच्यावर खेकसली आणि तशीच पुढे गेली.

"लिंडहोमने फितवलं ना तुला?"

लॉइड दचकला. काहीतरी बोलला.

"तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. माझ्या जागेवर कुणाला बसवायचंय ते सांग. एवढी डोईजड झाले का मी तुम्हाला?"

लॉइडने डोक्यावरची टोपी काढली. अगदी तिच्या समोर येऊन उभा राहिला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलला.

"कुणालाच नाही बसवायचं, बाई. जागा तुमचीच आहे. पण यंदा तुम्ही दुसऱ्यांचे हात बघून टाळी वाजवता. सगळ्यांच्या मागून. मी वळलो की मला दिसतं. म्हणून म्हटलं, जरा पुढे बसाल तर..."

"मग मला सांगायचं नाही का, गाढवा?"

"सांगितलं, बाई. दोनदा."

आर्डिथचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. हिरवळीपलीकडे लिंडहोम उभ्या होत्या, इकडेच बघत. आर्डिथने त्यांच्यावरची नजर काढून मेपलकडे वळवली. पानं हलत होती.

"लॉइड," ती हळूच म्हणाली, "त्या झाडावर यंदा पाखरं आहेत का रे?"

लॉइडने वर पाहिलंसुद्धा नाही.

"आत्ता गातायत, बाई."