मास्तरांचे रविवार

टीव्हीवर पिराजी शिंपी बोलू लागला, तशी कावेरीने हातातली कॉफी खाली ठेवली.

“मास्तर दर रविवारी पहिल्या बसनं यायचे,” तो सांगत होता. “या खिडकीपाशी माझी बहीण बसायची, तानूबाई. ती आपली कपड्यांना काजं करत असायची, आणि मास्तर समोर बसून तिचं चित्र काढायचे. ऊन सरकलं की थांबायचे. म्हणायचे, आता हे दुसरंच चित्र झालं.”

मग कॅमेरा आनेकल गावातल्या त्या घराच्या भिंतींवरून फिरला. एक चित्र, दुसरं, तिसरं. सगळ्यांत तीच खिडकी आणि तीच बाई. चेहरा म्हणजे नुसते पिवळ्या-जांभळ्या रंगाचे फटकारे. ते फटकारे कुणाच्या हातचे, हे कावेरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

“बंद करा,” ती म्हणाली.

शार्दूलने कॅसेट थांबवली. हा पुण्याचा दिग्दर्शक. गेलं वर्षभर तो बनशंकरीतल्या त्यांच्या घरी येत होता, कावेरीच्या आईच्या, राजलक्ष्मीअम्मांच्या हातचा बिसिबेळे भात खात होता, आणि तिच्या वडिलांवर माहितीपट करत होता.

हयवदनराव शाळेत चित्रकला शिकवायचे. उरलेल्या वेळात त्यांनी जन्मभर ऊन रंगवलं. तळ्यावरचं, चिकपेटेतल्या कापडाच्या ताग्यांवरचं, ओल्या कौलांवरचं. शेजारी म्हणायचे, चित्र अर्धवट राहिलंय. जाणकार म्हणायचे, फ्रान्समध्ये हे कधीच शिळं झालं, मास्तर. एकही प्रदर्शन न होता ते गेले. त्यानंतर ती चित्रं जुन्या लुगड्यांत गुंडाळून, रिक्षात घालून कावेरी गॅलऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. ती त्यांची उशिरा झालेली, एकुलती एक. लग्न केलं नाही. बँकेतली नोकरी आणि अण्णांची चित्रं, एवढाच तिचा संसार.

शार्दूल पहिल्यांदा आला, तेव्हा एका चित्रासमोर पार कॉफी गार होईपर्यंत उभा राहिला होता. त्या दिवसापासून कावेरीने त्याला घरचा मानलं होतं.

“तुम्ही आनेकलला गेलात,” ती आता म्हणाली. “मला एका शब्दानं बोलला नाहीत.”

“कावेरीताई, त्यांचं सगळ्यात सुंदर काम तिथंच आहे. माणूस म्हणून काही का असेना, चित्रकार म्हणून...”

“चित्रकार! माझी आई इथं त्यांच्या मागे घर सांभाळत होती आणि हे तिकडे एका शिंप्याच्या बहिणीपुढे बसून होते. आणि ते तुम्ही अख्ख्या गावाला दाखवणार?”

राजलक्ष्मीअम्मा कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ.

“कावेरी, स्वल्प थांब,” त्या म्हणाल्या. “पुढचंही बघून घे.”

कॅसेट पुढे सरकली.

“एका पावसाळ्यात तानू गेली,” पिराजी म्हणाला. “मग मास्तरांनी रंगांची पेटी इथं पुन्हा आणली नाही. एकदाच आले. सोबत त्यांच्या घरच्या अक्का होत्या. अक्का आत आल्या, या खिडकीपाशी बसल्या. रडल्या. माझ्या आईनं त्यांची ओटी भरली.” तो थांबला. कॅमेऱ्याकडे बघून ओशाळं हसला. “बस्स. एवढंच.”

पडद्यावर पुन्हा खिडकीतली बाई आली. शार्दूलने चित्र तिथेच थांबवलं.

कावेरी आईकडे वळली. “तू तिथं गेली होतीस? तुला सगळं ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि यांना पत्ता कुणी दिला?”

शार्दूलने मान खाली घातली.

“मीच दिला,” राजलक्ष्मीअम्मा म्हणाल्या.

कावेरीला वाटलं, पायाखालची फरशी कुणी काढून घेतली. अण्णांवर रागावणं सोपं होतं, ते भांडायला उरलेच नव्हते. शार्दूल परका तो परकाच. पण अम्मा? जिच्या मानासाठी ती एवढी भांडत होती, तिनेच घरातली लाज उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवली होती. आयुष्यभर आपण या माणसाची चित्रं पाठीवर वाहिली, आणि या घरात आपल्यालाच कुणी काही सांगितलं नाही.

“रविवारी ही फिल्म दाखवतील तेव्हा हॉल भरणार आहे,” तिचा आवाज चिरकला. “माझ्या बँकेतली माणसं येतील, आपले सगळे नातेवाईक येतील. ते अण्णांचं काम बघतील असं वाटतं तुला? ते तुझ्याकडे बघतील. बिचारी राजलक्ष्मी, म्हणतील. तुला चालेल ते?”

“सरी, चालेल. म्हणू देत.”

“मला नाही चालणार!” ती शार्दूलवर कडाडली. “ही बाई काढून टाका. नाहीतर या घरातलं एकही चित्र तुमच्या फिल्ममध्ये दिसणार नाही. त्या शिंपिणीला माझ्या अण्णांच्या नावाशेजारी जागा नाही.”

शार्दूल राजलक्ष्मीअम्मांकडे बघून म्हणाला, “अम्मा, तुम्ही सांगाल तसं करतो. काढू?”

राजलक्ष्मीअम्मा उठल्या. टीव्हीजवळ गेल्या. थांबलेलं चित्र पडद्यावर थरथरत होतं. त्यांनी पदराने काचेवरची धूळ हलकेच पुसली.

“राहू दे रे,” त्या म्हणाल्या. मग कावेरीकडे वळल्या. “तिच्या लेकीनं तिला आज पहिल्यांदा पाहिलंय.”