अकरावा ठिपका

भुजंग मिस्त्रीनं जालन्याच्या कापसाच्या जिनिंगात नवं इंजिन बसवलं, पण निगा कशी राखायची हे गड्यांच्या डोक्यात उतरेना. शेवटी त्यानं भिंतीवर गेरूनं वेलच काढला: मधोमध इंजिन, फांद्यांवर पाणी, हवा, तेल, पानापानावर एकेक पुर्जा. आज हैदराबादला परतायचं होतं. इंजिन कुणाच्या हवाली करावं, कळेना. सकाळी बघतो तर वेलावर कुंकवाचे ठिपके! "इंजिनाची पूजा कुणी मांडली?" तो कडाडला. झाडलोट करणारी नंदाबाई पुढं झाली. "पूजा न्हाई, मिस्त्री. झाडता झाडता शिकून राह्यले. जिथं तेल सोडायचं, तिथं खूण केली." भुजंगनं ठिपके ताडून पाहिले. दहा बराबर होते, अकरावा कोऱ्या भिंतीवर. "हा चुकला." "तुमी चाकामागं रोज तेल सोडता. पान काढायचं इसरलात." त्यानं गेरूनं तिथं पान काढलं अन् तेलाची बुधली तिच्या हाती दिली.